राजीनामा दिला, नोटीस पीरियडही संपला, पण नवी जॉइनिंगच पुढे गेली तर?

जुलै २०२५ ची गोष्ट. काही अनुभवी आयटी कर्मचाऱ्यांच्या हातात टीसीएसचं ऑफर लेटर होतं. जॉइनिंगची तारीख ठरली होती. त्या भरवशावर अनेकांनी आधीच्या कंपनीत राजीनामा दिला, नोटीस पीरियड पूर्ण केला आणि ते मोकळे झाले. मग निरोप आला की जॉइनिंग पुढे ढकललं आहे.

पुण्यातली 'नॅसेंट इन्फर्मेशन टेक्नॉलॉजी एम्प्लॉईज सिनेट' ही आयटी कर्मचाऱ्यांची संघटना हे प्रकरण घेऊन थेट केंद्रीय कामगार मंत्रालयाकडे गेली. असे ६०० हून अधिक लोक अडकल्याचा संघटनेचा दावा होता. दिलेली प्रत्येक ऑफर पाळली जाईल, जॉइनिंगच्या तारखा व्यवसायाच्या गरजेनुसार ठरतात आणि काही वेळा बदलतात, असं कंपनीचं म्हणणं होतं. त्याच महिन्याच्या शेवटी टीसीएसने आपलं सुमारे २ टक्के मनुष्यबळ, म्हणजे १२ हजारांहून अधिक लोक कमी करणार असल्याचं जाहीर केलं. घरी बसून तारखेची वाट बघणाऱ्यांनी ती बातमी कशी वाचली असेल, याचा अंदाज करता येईल.

हातचं सोडून पळत्याच्या मागे लागू नये, असं म्हणतात. पण या लोकांनी तसं काहीच केलं नव्हतं. 'आधी ऑफर घे, मग राजीनामा दे' हा सल्ला त्यांनी तंतोतंत पाळला होता. तरीही ते मधल्या मधे लटकले. मग नोकरी 'पक्की' झाली असं नेमकं कधी म्हणायचं?

लोक ऑफरशिवाय राजीनामा का देतात?

रागाच्या भरात राजीनामा फेकणारे असतातच. पण आयटी आणि त्यासारख्या क्षेत्रांत यामागे एक साधं गणित आहे, ते म्हणजे ९० दिवसांचा नोटीस पीरियड.

अनेक मोठ्या कंपन्यांमध्ये राजीनामा दिल्यावर तीन महिने काम करावं लागतं. दुसरीकडे, माणूस शोधणाऱ्या कंपनीला तो पंधरा दिवसांत किंवा फार तर महिन्याभरात हवा असतो. रिक्रूटरचा फोन आला की तिसऱ्या-चौथ्या प्रश्नातच 'नोटीस पीरियड किती?' हे विचारलं जातं. 'तीन महिने' म्हटलं की पलीकडून 'कळवतो' येतं आणि विषय संपतो. म्हणून अनेक जण आधी राजीनामा देतात आणि जॉब पोर्टलवर 'सर्व्हिंग नोटीस पीरियड' असं लिहितात. मग फोन खरोखर वाढतात.

म्हणजे हा निव्वळ बेजबाबदारपणा नाही. कंपन्या स्वतःचा माणूस तीन महिने सोडत नाहीत आणि दुसऱ्याचा मात्र पंधरा दिवसांत मागतात. या दोन नियमांमधली जोखीम कर्मचारी स्वतःच्या अंगावर घेतो. अडचण एवढीच की ९० दिवसांत ऑफर आली नाही, तर ९१ व्या दिवशी त्याच्याकडे दोन्ही नसतात. शिवाय तेव्हा पगाराची बोलणी करताना समोरच्याला हेही माहीत असतं की याला आता थांबायला वेळ नाही.

ऑफर लेटरला कायद्यात किती किंमत?

ऑफर स्वीकारली की भारतीय करार कायदा, १८७२ नुसार तो करार ठरू शकतो. पण बहुतेक ऑफर लेटरमध्ये अटी असतात: बॅकग्राउंड व्हेरिफिकेशन, वैद्यकीय तपासणी, कागदपत्रं, कधीकधी 'व्यवसायाच्या गरजेनुसार'. यातली एखादी अट पूर्ण झाली नाही, तर कंपनीला मागे फिरायला वाट असते.

समजा कंपनीने विनाकारण शब्द मोडला. तरी 'मला कामावर घ्याच' असा हुकूम खासगी कंपनीविरुद्ध मिळणं जवळपास अशक्य असतं. वैयक्तिक सेवेचे करार न्यायालयं सहसा जबरदस्तीने अमलात आणत नाहीत. नुकसानभरपाई मागता येते, पण त्यासाठी दिवाणी खटला लढावा लागतो. ज्याचा पगार बंद झालाय तो वकिलाची फी आणि वर्षांची प्रतीक्षा परवडवणार कशी? कामगार कायद्यांचं संरक्षणही मुख्यतः नोकरीत असलेल्यांसाठी आहे. ज्याने अजून जॉइनच केलेलं नाही, तो तिथे 'कर्मचारी' नसतो.

राजीनाम्याचं मात्र तसं नाही. तो मंजूर झाला की पक्का होतो.

दिलेला राजीनामा परत घेता येतो का?

यावर सर्वोच्च न्यायालयाचा सप्टेंबर २०२४ चा एक निकाल वाचण्यासारखा आहे, आणि तो कोकण रेल्वेशी संबंधित आहे. १९९० पासून तिथे नोकरी करणाऱ्या एका कर्मचाऱ्याने डिसेंबर २०१३ मध्ये राजीनामा दिला. पुढच्या वर्षी मे महिन्यात त्याने तो मागे घेत असल्याचं कळवलं. राजीनामा एप्रिलमध्येच मंजूर झाल्याचं कोकण रेल्वेचं म्हणणं होतं. पण मंजुरीचं ते पत्र अंतर्गत होतं, ते कर्मचाऱ्यापर्यंत पोहोचलंच नव्हतं, असं न्यायालयाला आढळलं. त्यामुळे राजीनामा अंतिम झाला नव्हता, असं सांगत न्यायालयाने त्याला पुन्हा कामावर घ्यायला आणि मधल्या काळाचा ५० टक्के पगार द्यायला सांगितलं.

निकाल दिलासा देणारा आहे, पण तारखा बघा. २०१४ मध्ये सुटलेली नोकरी २०२४ मध्ये परत मिळाली. आणि कोकण रेल्वे ही सरकारी कंपनी आहे. खासगी कंपनीत राजीनामा मागे घेणं बहुतेक वेळा मॅनेजरच्या मर्जीवर असतं. एकदा 'हा जाणार' असं ठरलं की त्याची जागा भरण्याची तयारी सुरू झालेली असते, आणि पगारवाढीच्या यादीतून नावही निघालेलं असतं.

नोकरी लवकर सोडण्याचीही किंमत असते. विजया बँकेच्या एका अधिकाऱ्याने तीन वर्षं पूर्ण व्हायच्या आत दुसऱ्या बँकेत जाण्यासाठी राजीनामा दिला, तेव्हा अटीनुसार त्याला २ लाख रुपये भरावे लागले. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही अट वैध ठरवली. नियुक्तीपत्रात बॉण्ड किंवा जॉइनिंग बोनस परत करण्याचं कलम असेल, तर ते राजीनाम्याचा ईमेल पाठवण्याआधी वाचायला हवं.

पैशांची ओढाताण कधी सुरू होते?

बहुतेकांना वाटतं, शेवटच्या दिवसानंतर. प्रत्यक्षात ती त्याआधीच सुरू होऊ शकते. अनेक कंपन्या शेवटच्या महिन्याचा पगार 'फुल अँड फायनल'साठी रोखून ठेवतात आणि हिशेब पूर्ण व्हायला महिना-दीड महिना जातो. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वेतन संहितेनुसार राजीनामा दिलेल्याचं वेतन दोन कामकाजाच्या दिवसांत द्यायला हवं. नियम असा आहे, पण घराचं बजेट करताना उशीर धरून चाललेलं बरं. नव्या कंपनीतही महिन्याच्या २०-२२ तारखेनंतर जॉइन झालं तर पहिला पगार अनेकदा पुढच्या महिन्यात येतो.

समजा, हिंजवडीत काम करणाऱ्या एकाच्या हातात दरमहा ८० हजार येतात. गृहकर्जाचा हप्ता ३२ हजार, घरखर्च २० हजार, गावी आईवडिलांना १० हजार, गाडीचा हप्ता ८ हजार. म्हणजे ७० हजार ठरलेले. जॉइनिंग तीन महिने लांबलं तर २ लाख १० हजार लागतील. हप्ते ९० दिवसांपेक्षा जास्त थकले की बँक ते कर्ज बुडीत खात्यात टाकते, आणि क्रेडिट स्कोअर तर त्याच्या कितीतरी आधी घसरतो. पगाराच्या ताज्या स्लिपा नसल्याने या काळात नवं कर्ज मिळणंही अवघड.

आरोग्य विमा: सगळ्यात दुर्लक्षित धोका

कंपनीचा ग्रुप मेडिक्लेम बहुतेक ठिकाणी कामाच्या शेवटच्या दिवशीच संपतो. पगाराची चिंता सगळे करतात, याची फार थोडे. या पॉलिसीत जुने आजार सहसा पहिल्या दिवसापासून धरलेले असतात, बऱ्याचदा आईवडीलही असतात. स्वतःची नवी पॉलिसी घेतली तर अपघात सोडून इतर आजारांसाठी साधारण पहिले ३० दिवस क्लेम मिळत नाही. मोतीबिंदू, हर्निया, गुडघा बदलणं अशा उपचारांना बहुतेक पॉलिसींमध्ये दोन वर्षं थांबावं लागतं. आधीपासूनच्या आजारांसाठी ही मुदत तीन वर्षांपर्यंत असू शकते. म्हणजे ज्याच्या आईचं ऑपरेशन दोन महिन्यांवर आलंय, त्याने राजीनाम्याची तारीख कॅलेंडर बघूनच ठरवावी.

ग्रुप पॉलिसीतून त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाण्याची सोय असते. त्यामुळे थांबण्याचा पूर्ण केलेला काळ वाया जात नाही. मात्र अर्ज पॉलिसी चालू असतानाच करावा. एचआर हे आपणहून सांगेल याची खात्री नाही.

गरोदर महिलांसाठी आणखी एक अट महत्त्वाची आहे. २६ आठवड्यांच्या पगारी प्रसूती रजेसाठी, प्रसूतीच्या अपेक्षित तारखेआधीच्या १२ महिन्यांत त्याच कंपनीत किमान ८० दिवस काम झालेलं असावं लागतं. जॉइनिंग लांबलं तर हे दिवस कमी पडू शकतात.

पीएफ आणि ग्रॅच्युइटीचं काय?

पीएफचे पैसे बुडत नाहीत, पण ते गुल्लक समजून फोडू नयेत. सलग पाच वर्षं पूर्ण होण्याआधी काढलेल्या रकमेवर कर लागू शकतो. ५० हजार रुपये किंवा त्याहून जास्त असतील तर पॅन असतानाही १० टक्के टीडीएस कापला जातो. पूर्वी दोन महिने बेरोजगार राहिल्यावर सगळी रक्कम काढता यायची. ऑक्टोबर २०२५ मध्ये ईपीएफओच्या केंद्रीय विश्वस्त मंडळाने हे बदलायचं ठरवलं: ७५ टक्के लगेच, उरलेली रक्कम १२ महिन्यांनी.

ग्रॅच्युइटीला कायम कर्मचाऱ्यासाठी पाच वर्षांची अट आहे. ठराविक मुदतीच्या करारावर असलेल्यांना नव्या संहितेनुसार एका वर्षानंतरही ती मिळते. मूळ पगार ४० हजार असेल, तर पाच वर्षांचे साधारण १ लाख १५ हजार रुपये होतात. साडेचार वर्षांनी कंटाळून बाहेर पडणाऱ्याने हा आकडा एकदा समोर ठेवावा.

आणि सरकारी मदत? ईएसआयसीची अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना बेरोजगार झालेल्या विमाधारकाला ९० दिवसांपर्यंत सरासरी वेतनाच्या ५० टक्के भत्ता देते. पण ईएसआयची पगारमर्यादाच महिना २१ हजार रुपये आहे, आणि स्वेच्छानिवृत्ती घेतलेल्यांना त्यात जागा नाही. स्वतःहून राजीनामा देणाऱ्या मध्यमवर्गीय पगारदारासाठी सरसकट बेरोजगारी भत्ता भारतात नाही.

तरीही सोडायचीच असेल तर?

छळ होत असेल, तब्येत ढासळत असेल, महिनोन्महिने पगारच होत नसेल, तर ऑफरची वाट बघत बसणं नेहमी शहाणपणाचं नसतं. अशा वेळी खर्चाचे चार-सहा महिने हाताशी असणं हाच खरा आधार.

ऑफर हातात असेल तर नव्या एचआरला दोन गोष्टी लेखी विचाराव्यात: बॅकग्राउंड व्हेरिफिकेशन राजीनाम्याआधी पूर्ण होईल का, आणि जॉइनिंगची तारीख पक्की आहे की 'तात्पुरती'? फोनवरच्या 'काळजी करू नका'ला पुरावा म्हणून काही किंमत नाही. नोटीस पीरियडमध्येही एखाद-दुसऱ्या कंपनीशी बोलणं चालू ठेवणारे असतात. एचआरवाले त्यांच्यावर नाराज असतात, पण तारखा पुढे ढकलणाऱ्यांनी नाराज व्हावं हे जरा गमतीचंच.

शेवटच्या दिवशी ऑफिसचा ईमेल संध्याकाळपर्यंत बंद होतो. त्याआधी पगाराच्या स्लिपा, नियुक्तीपत्र, पगारवाढीची पत्रं आणि राजीनामा मंजूर झाल्याचा ईमेल स्वतःकडे असावा. रिलीव्हिंग लेटर कधी मिळणार ते विचारून घ्यावं. कंपनीने पीएफ खात्यात नोकरी सोडल्याची तारीख भरली नाही, तर शेवटच्या योगदानानंतर दोन महिन्यांनी यूएएन पोर्टलवर ती स्वतः भरता येते.