तोतरेपणाचा शिक्का: वाचाशास्त्राच्या इतिहासातील एक काळे पान

सन १९३९. अमेरिकेतील आयोवा विद्यापीठात वाचादोषांचे संशोधन जोमात होते. तेथील वेंडेल जॉन्सन स्वतः तोतरे बोलत. मुलाला ‘तोतरा’ ठरवून सतत टोकल्यानेच तोतरेपणा जडतो, असे त्यांचे मत होते.

ते पडताळण्यासाठी त्यांच्या विद्यार्थिनीने डेव्हनपोर्टच्या अनाथालयातील २२ मुले निवडली. त्यांपैकी नीट बोलणाऱ्या ६ मुलांच्या मनावर ‘तुमच्या बोलण्यात दोष आहे’ असे काही महिने बिंबवण्यात आले. मुले तोतरी झाली नाहीत. पण बोलायलाच कचरू लागली.

प्रबंध ग्रंथालयात पडून राहिला. २००१ मध्ये वृत्तपत्राने तो उजेडात आणला, तेव्हा विद्यापीठाने माफी मागितली. २००७ मध्ये आयोवा राज्याने ९,२५,००० डॉलर भरपाई मान्य केली. तोवर त्यांतील काही मुले दिवंगत झाली होती.