‘कीचकवधा’वरील बंदी

कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांचे ‘कीचकवध’ नाटक १९०७ साली रंगभूमीवर आले. १९१० मध्ये सरकारने त्यावर बंदी घातली. कथा विराटपर्वातील, घरोघरी ठाऊक असलेली. परंतु प्रेक्षकांना कीचकात लॉर्ड कर्झन, सैरंध्रीत परतंत्र हिंदुस्थान, धर्मराजात मवाळ आणि भीमात जहाल पक्ष दिसे. सरकारचा संशय अगदीच निराधार नव्हता, हे मान्य केले पाहिजे. तथापि नाटकात कर्झनचे नाव नाही. कीचकाच्या उन्मादात आपलेच प्रतिबिंब पाहून नाटक बंद करणे, म्हणजे त्या साम्यावर सरकारी शिक्कामोर्तब करणेच होय.

नाटकाने माथी भडकतात, हा दुसरा आक्षेप. डिसेंबर १९०९ मध्ये नाशिकचे कलेक्टर जॅक्सन यांचा खून नाट्यगृहातच झाला, हे खरे. पण त्या रात्रीचा प्रयोग होता देवलांच्या ‘शारदे’चा! क्षोभाचे कारण रंगभूमीवर नव्हते, राज्यकारभारात होते.

शहापूर तालुक्यातील तानसा धरण १८९२ साली पुरे झाले. एवढ्या भक्कम बांधालाही सांडवा ठेवावा लागला. लोकक्षोभाचा सांडवा म्हणजे वाङ्मय. तो बुजविणारा राज्यकर्ता बांध राखीत नाही. तो फोडण्याची तयारी करतो.