फनार्गचं जुनं देणं

रस्ट शिकणारा पहिल्यांदा वैतागतो तो बहुधा क्लोजरपाशी. फंक्शनमध्ये मोजणीसाठी एक व्हेरिएबल घेतलं आणि ते एकेकाने वाढवणारं क्लोजर परत केलं, की कंपायलर अडून बसतो: क्लोजर फंक्शननंतरही जगू शकतं, व्हेरिएबल मात्र तेव्हा नसेल, 'मूव्ह' लिहा. हा रस्टचा खाक्या म्हणून खपतो, पण दुखणं रस्टच्या कितीतरी आधीचं आहे. पीटर लँडिनने १९६४ साली कोड आणि त्याच्या भोवतालची व्हेरिएबलं यांची जोडी म्हणून क्लोजर मांडलं. लिस्पवाले तोवर 'फनार्ग'शी, म्हणजे फंक्शन किमतीसारखं देण्याघेण्याच्या याच अडचणीशी, झुंजत होतेच. १९७० च्या टिपणात जोएल मोझेसने तर त्याला परिसराचा प्रश्न म्हणावं असंच सुचवलं. फंक्शन दुसऱ्या फंक्शनला देणं सोपं. ते परत करणं अवघड, कारण तोवर त्याच्या भोवतालच्या व्हेरिएबलांची स्टॅकवरची जागा मोकळी झालेली असते.

याची किंमत कोणी मोजायची, एवढाच पुढचा वाद. पास्कलने फंक्शन परत करूच दिलं नाही, सीने फंक्शनच्या आत फंक्शन ठेवलं नाही. दोघांनीही सोय गमावून सुटका करून घेतली. १९७५ च्या स्कीमने खर्च गार्बेज कलेक्टरच्या खाती टाकला. सी++ ने २०११ साली लॅम्बडा आणले, काय संदर्भाने पकडायचं हे लिहायची मुभा दिली आणि संदर्भ लटकला तर दोष लिहिणाऱ्याचा ठरवला. टोफ्ते आणि टाल्पिन यांनी १९९४ मध्ये मांडलेली रीजनची, म्हणजे मेमरीचे गट करून प्रत्येक गट एकदम मोकळा करण्याची, कल्पना सायक्लोन या भाषेने सीच्या घराण्यात आणली. तिथून रस्टने लाइफटाइम, म्हणजे संदर्भ किती काळ वैध याचा हिशोब, घेतले आणि किंमत प्रोग्राम चालण्याआधीच वसूल करायची ठरवली.

गार्बेज कलेक्टर असताना हा उपद्व्याप कशाला, असं विचारतात. कर्नल किंवा छोट्या कंट्रोलरवर कलेक्टर परवडत नाही, आणि परवडला तरी दोन थ्रेडनी एकाच व्हेरिएबलवर एकदम लिहिणं तो रोखत नाही. दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे: कंपायलर कधीकधी बरोबर कोडही नाकारतो. हे खरंच आहे, आणि २०१८ च्या आवृत्तीत संदर्भाचा काळ त्याच्या शेवटच्या वापरापर्यंतच धरू लागल्यावर ते पुष्कळ कमी झालं. पण सैल सोडलं तर काय होतं, हेही रस्टने स्वतः पाहिलं आहे. २०१५ च्या आरंभी लायब्ररीत असा थ्रेड होता ज्याच्या क्लोजरला बाहेरची व्हेरिएबलं उसनी घेता येत. थ्रेड संपेपर्यंत थांबणं एका गार्डच्या डिस्ट्रक्टरवर सोपवलेलं होतं. गार्ड संदर्भांच्या चक्रात अडकवला की डिस्ट्रक्टर चालतच नसे, आणि थ्रेड मेलेल्या व्हेरिएबलकडे पाहत राही. त्याच वर्षीच्या मे महिन्यातल्या १.० आवृत्तीआधीच ही सोय स्थिर लायब्ररीतून काढून टाकली गेली. ती परतली ऑगस्ट २०२२ मध्ये, १.६३ मध्ये, आणि या वेळी थ्रेड संपायची वाट पाहणं गार्डकडे नव्हतं, सबंध काम क्लोजर म्हणून घेणाऱ्या फंक्शनकडेच होतं. मधली सात वर्षं लोकांनी क्रॉसबीमसारख्या बाहेरच्या लायब्ररीवर निभावलं.