पाटील : आडनाव की काम?

सोनईच्या बाजारात "काय पाटील, कुठं निघाले?" ही हाक रोज कानावर येते. ज्याला हाक मारली त्याचं कागदावरचं आडनाव बऱ्याचदा दुसरंच असतं. काही घराण्यांत ते मूळ आडनावाला जोडून लागतं, जसं लोणीचे विखे पाटील. आणि कोणी जास्तच हुकूम सोडायला लागला की "उगं पाटीलकी गाजवू नको" असंही आपणच म्हणतो. शब्द एकच, मानही त्यात, टोमणाही त्यात.

जुन्या ताम्रपट-शिलालेखांत 'पट्टकिल' असा शब्द येतो, त्याचाच पुढे पाटील झाला. पाटील म्हणजे गावचा मुख्य वतनदार. सारा वसूल करायचा, तंटे मिटवायचे, पडीक रान लागवडीला आणायचं. हिशेब कुलकर्णी लिहायचा; पाटलाची निशाणी नांगर.

हे वतन वंशपरंपरेचं होतं, पण ते विकत घेता यायचं. निम्मी पाटीलकी विकल्याचे जुने कागद आहेत. आणि ते काढूनही घेतलं जायचं. रांझ्याच्या बाबाजी गुजर पाटलाने एका स्त्रीशी बदअंमल केला, तेव्हा शिवाजी महाराजांनी त्याचे हातपाय तोडले आणि पाटीलकी काढून घेतली. पत्र 28 जानेवारी 1646 चं आहे. म्हणजे पद मोठं, तशी जबाबदारीही मोठी.

आपल्याच जिल्ह्यात पारनेर तालुक्यातल्या जामगावला महादजी शिंद्यांचा वाडा आहे. दिल्लीच्या बादशहाने वकील-ए-मुतलक केलं, तरी हा माणूस स्वतःला पाटीलच म्हणवून घ्यायचा.

याच वतनाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. पाटलाचं वतन मानाचं, महाराचं वतन मात्र राबणुकीचं. म्हणून तर बाबासाहेबांनी 1928 साली मुंबई कौन्सिलात वतन कायदा बदलायचं विधेयक मांडलं.

पुढं 1962 च्या कायद्याने मुलकी पाटीलकी संपली. 1967 च्या ग्रामपोलीस अधिनियमाने आजचा पोलीस पाटील आला. त्याची नेमणूक सरकार करतं, ती वारसाने मिळत नाही. आज कित्येक गावांत बायाही पोलीस पाटील आहेत.

काम गेलं, नाव राहिलं. नावाचा अभिमान जरूर बाळगा. पण गाडीच्या काचेवर 'पाटील' लिहिताना एवढंच आठवा : गावातला तंटा मिटवणारा, अडल्यानडल्याच्या दारात उभा राहणारा, तो पाटील. मग त्याचं आडनाव काही का असेना.

तुमच्या गावात असा पाटील कोण? कमेंटमध्ये सांगा.