एक छपाईयंत्र, दोन लिप्या : धारवाडच्या दप्तरातील कागदाची वाट

धारवाड जिल्ह्यातील जमिनीची नोंद कोणत्या हाताने आणि कोणत्या लिपीत लिहावी, हा प्रश्न संगणकापेक्षा बराच जुना आहे. पेशवाई बुडाल्यावर १८१८ मध्ये हा मुलूख ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई इलाख्यात गेला, इंग्रजी दप्तरात तो दक्षिण मराठा प्रांत म्हणून ओळखला जाऊ लागला, आणि कानडी बोलणाऱ्या रयतेचा सरकारी व्यवहार त्यानंतरही बराच काळ मराठीतून चालत राहिला. कानडीला शाळेत आणि कचेरीत स्थान मिळावे यासाठी ब्रिटिश अधिकारी वॉल्टर एलियट, शिक्षण खात्यातील डेप्युटी चन्नबसप्पा यांच्यासारख्यांना खटपट करावी लागली. जमिनीच्या मोजणीची पद्धत विंगेट आणि गोल्डस्मिड या ब्रिटिश अधिकाऱ्यांनी घालून दिली व १८४७ च्या संयुक्त अहवालाने ती पक्की झाली. गावचे दप्तर लिहिणाऱ्या कुलकर्ण्यांची वतने रद्द करणारा मुंबई राज्याचा १९५० चा कायदा धारवाडलाही लागू झाला, कारण १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत हा जिल्हा त्याच राज्यात होता. महाराष्ट्राचा सातबारा आणि कर्नाटकाची पहाणी हे कागद म्हणूनच एका घराण्यातले आहेत. जमिनीचा मालक, कूळ आणि पीक यांची नोंद दोहोंत असते, आणि दोन्ही कागद दीर्घकाळ गावकामगाराच्या हस्ताक्षरात तयार होत.

कर्नाटक सरकारच्या ‘भूमी’ प्रकल्पाने हे हस्ताक्षर बाजूला सारले. सुमारे दोन कोटी नोंदी संगणकावर चढवण्यात आल्या, २००२ पर्यंत राज्यातील तेव्हाच्या १७७ तालुक्यांत त्या तालुका कचेरीतील खिडकीवर मिळू लागल्या, एका उताऱ्याला पंधरा रुपये पडू लागले, आणि हाताने लिहिलेल्या पहाणीची कायदेशीर किंमत संपली. या बदलाचे कौतुक बहुधा माहितीच्या साठ्यावर थांबते. परंतु खिडकीबाहेर उभ्या असलेल्या शेतकऱ्याच्या दृष्टीने नोंद अस्तित्वात येत होती ती छपाईयंत्रातून कागद बाहेर पडल्यावरच. लेखणी गावोगावच्या हातांतून निघून कचेरीतील यंत्रात आली होती, आणि त्या यंत्रापर्यंत वेगवेगळ्या काळात घेतलेले संगणक कसे पोहोचवायचे, हे काम त्या काळच्या बहुतेक कचेऱ्यांपुढे, बँकांपुढे आणि महाविद्यालयांपुढे होते.

या कामासाठी जो संगणक मध्यस्थ म्हणून बसवला जातो त्याला प्रिंट सर्व्हर म्हणतात. अनेक संगणकांकडून आलेले छपाईचे मजकूर तो आपल्या डिस्कवर उतरवून घेतो, त्यांची रांग लावतो आणि छपाईयंत्राच्या मंद गतीने एकेक मजकूर पुढे सोडतो. असे उतरवून ठेवण्याला स्पूलिंग हे नाव मोठ्या संगणकांच्या काळापासून रूढ आहे. डॉस प्रणालीवरील जुन्या आज्ञावल्यांना नेटवर्क ठाऊकच नव्हते. त्या थेट एलपीटी-१ या समांतर पोर्टवर अक्षरे लिहीत, आणि नोव्हेलच्या नेटवेअर या नेटवर्क प्रणालीतील कॅप्चर ही आज्ञा तो प्रवाह मध्येच अडवून सर्व्हरकडे वळवी, तरी आज्ञावलीला आपल्या बुडाशीच प्रिंटर जोडलेला आहे असे वाटत राही. मात्र आपले काम संपले हे यातील पुष्कळ आज्ञावल्या सांगत नसत, त्यामुळे ठरावीक सेकंद काही आले नाही तर मजकूर संपला असे मानण्याची सोय ठेवावी लागे. ही मुदत कमी ठेवली तर लांबलचक अहवाल मध्येच तुटून दुसऱ्याचे पान त्यात शिरे. जास्त ठेवली तर छापायला तयार असलेला मजकूर विनाकारण ताटकळे.

हुबळी-धारवाडसारख्या ठिकाणी याहून अवघड भाग लिपीचा होता. येथील कचेऱ्यांची भाषा कन्नड, रेल्वे व बँकांच्या कागदांवर देवनागरीतील हिंदी, कर्नाटक विद्यापीठात मराठीचा विभाग, आणि प्रिंटरच्या पोटात मुळात बसवलेली अक्षरे मात्र रोमन. आयआयटी कानपूर येथे सुरू झालेल्या आणि पुण्याच्या सी-डॅकने पुढे नेलेल्या जिस्ट तंत्राने यावर तोड काढली. त्यामागील इस्की ही संकेतप्रणाली भारतीय मानक म्हणून १९९१ मध्ये प्रसिद्ध झाली, आणि तिची खुबी अशी की ब्राह्मीकुळातील भारतीय लिप्यांना तिने समान क्रमांक दिले: देवनागरी ‘क’ आणि कन्नड ‘ಕ’ या दोहोंचा संकेत १७९. लिपी बदलण्याची खूण पाठवली की तेच संकेत दुसऱ्या रूपात उमटत. ज्या जिल्ह्याने एक लिपी उतरवून दुसरी चढवण्यात बराच काळ घालवला, त्याच्या दृष्टीने ही योजना काहीशी मौजेची म्हणावी लागेल.

परंतु साध्या डॉट मॅट्रिक्स प्रिंटरला १७९ म्हणजे काय हे कळत नसे. त्यामुळे संगणकातच अक्षराचे चित्र तयार करून ते ठिपक्यांच्या ओळींनी, ग्राफिक पद्धतीने, पाठवावे लागे. असा मजकूर साध्या रोमन मजकुराच्या कितीतरी पट मोठा होई आणि यंत्र कूर्मगतीने चाले. सर्व्हरची खरी परीक्षा येथेच होई. बर्कलेच्या युनिक्समधून आलेल्या एलपीडी या छपाईच्या नियमावलीत, जी १९९० मध्ये आरएफसी ११७९ म्हणून लेखी झाली, मजकूर पाठवण्याचे दोन वेगळे प्रकार आहेत: एकात सर्व्हर नियंत्रक चिन्हे गाळतो, दुसऱ्यात ती जशीच्या तशी पुढे जातात. पहिला प्रकार चुकून निवडला गेला तर कन्नड अहवालाच्या जागी निरर्थक चिन्हांचे भेंडोळे बाहेर पडे, आणि दोष प्रिंटरचा, असा समज होई. विंडोज एनटीमध्येही मजकूर जसाच्या तसा पाठवणारा ‘रॉ’ हा प्रकार याच कारणासाठी होता. त्याच्या एका पोटप्रकारात सर्व्हर शेवटी स्वतःहून पान पुढे ढकलतो, ज्यामुळे आगाऊ छापलेल्या फॉर्मचा एकेक कोरा कागद वाया जाई. अशा जोडणीत सर्व्हरने काय करावे यापेक्षा काय करू नये हे ठरवणे अधिक महत्त्वाचे होते.

पुढे लेझर प्रिंटर आले आणि अडचण उलट झाली. स्वस्त यंत्रांनी पानाची रचना करण्याचे काम विंडोजवर सोपवले, त्यामुळे डॉसला त्यांच्याशी बोलताच येईना. विंडोज ९५-९८ आणि एनटीचा वंश यांचे ड्रायव्हर, म्हणजे छपाईयंत्राची भाषा जाणणारे दुभाषे, वेगवेगळे असल्याने सर्व्हरवर दोन्हींचे स्वतंत्र संच ठेवावे लागत. लिनक्सला विंडोजच्या संगणकांशी जोडणारी सांबा आणि १९९९ मध्ये आलेली कप्स ही छपाईची प्रणाली यांनी वेगळा मार्ग दिला: जुन्या संगणकाने पानाचे वर्णन करणाऱ्या पोस्टस्क्रिप्ट या सर्वसाधारण भाषेत मजकूर पाठवावा, आणि घोस्टस्क्रिप्ट या आज्ञावलीच्या मदतीने सर्व्हरने तो समोरच्या यंत्राच्या भाषेत उतरवावा. जुन्या संगणकावर नवा ड्रायव्हर शोधण्याची गरज त्यामुळे उरली नाही.

ही सोय टिकली ती नेटवर्कच्या जुन्या बोलीला मान्यता होती तोवर. विंडोज ९८ ला एसएमबी या विंडोजच्या नेटवर्क-बोलीची पहिली आवृत्तीच येते, आणि सुरक्षेच्या कारणास्तव मायक्रोसॉफ्टने २०१७ च्या शरद ऋतूतील विंडोज १० पासून ती नव्या संगणकांवर मुळात बसवणेच बंद केले. अशा जुन्या संगणकाला आज छपाईयंत्राशी जोडायचे तर एलपीडी किंवा मजकूर थेट यंत्राकडे नेणाऱ्या पोर्ट ९१०० चा आधार घ्यावा लागतो, आणि तो संगणक बाहेरच्या नेटवर्कपासून तोडलेला ठेवावा लागतो.