पेजेचा वाडगा आणि पंक्तीचा क्रम

गोव्यात व कोकणपट्टीत वाढत्या वयाच्या मुलांस पूर्वी काय खाऊ घालीत, याचा विचार करू लागले की प्रथम पेज आठवते. सकाळी दहा-अकराच्या सुमारास उकड्या तांदळाची ऊन पेज, सोबत लोणच्याची फोड, भाजलेला पापड किंवा आटवलेली कालची कडी. गरिबाचे अन्न म्हणून तिला नाक मुरडणारे आमच्यातही पुष्कळ निघाले. वस्तुतः तिच्यात नाक मुरडण्याजोगे काही नव्हते.

उकड्या तांदळासाठी भात सालीसकट भिजवून उकडतात, वाळवतात, मग कांडतात. उकडताना कोंड्यातील जीवनसत्त्वाचा काही अंश दाण्यात उतरतो व कांडल्यावरही टिकतो. शुभ्र, सडीक तांदळावर पोसलेल्या कोंबड्यांना बेरीबेरीसारखा रोग जडतो, हे डच वैद्य आइकमान यांनी १८९० नंतरच्या दशकात जावा बेटावर दाखविले; १९२९ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. आमच्या आज्यांना हे ठाऊक नव्हते. उकडलेले भात कांडताना कमी तुटते, एवढे मात्र त्या पक्के जाणून होत्या.

नाचणीची गोष्ट याहून मोठी. शंभर ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. तांदळात दहाच्या आसपास. तेरा ते पंधरा वर्षांच्या मुलामुलींस रोज १००० मिलिग्रॅम हवे, असे भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने २०२० साली सांगितले. हाडे भराभर वाढण्याच्या वयात गूळ घातलेले आंबील पोटात जाई, हा लाभ लहान नव्हे.

तथापि ही स्तुती अर्ध्याच घराची आहे. मुलगा तेराव्या वर्षी मुलगाच असे. मुलगी त्या वयात बहुधा सून झालेली असे. प्रथम पुरुषांची व मुलांची पंगत, मग वडीलधाऱ्या बायका, शेवटी ती, त्यावर उपासतापास. आमच्या धर्मशास्त्राने व न्यायालयांनी अन्नवस्त्राचा हक्क मानला खरा, पण कज्ज्यात तो बहुधा विधवेचा किंवा टाकलेल्या पत्नीचा म्हणून येई. भरल्या घरात नांदणाऱ्या तेरा वर्षांच्या सुनेने, वाटीत आमटी कमी पडली म्हणून कोणापुढे दाद मागावी?

बडोद्यास सयाजीराव महाराजांनी १९०४ साली कायद्याने मुलीच्या लग्नाचे किमान वय बारा ठरविले. ब्रिटिश हिंदुस्थानात १९२९ च्या सारडा कायद्याने ते चौदा झाले आणि १९७८ साली भारतात अठरा. मुलीला माहेरी वाढावयास जी वर्षे मिळाली, ती अशी कलमाकलमाने मिळाली.

पंक्तीच्या क्रमाला मात्र कलम लागत नाही. २०१६ ते २०१८ या काळातील राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात दहा ते एकोणीस वर्षांच्या मुलींपैकी ४० टक्के रक्तक्षयाच्या आढळल्या. मुलांत हे प्रमाण १८ टक्के. मासिक रजःस्राव हे त्याचे एक कारण आहेच. पण मग त्याच कारणास्तव मुलीच्या पानात अधिक पडावयास हवे होते. टाकळा, शेवग्याचा पाला, कुळीथ, अळसांदे यांपैकी काय आमच्या स्वयंपाकघरात नव्हते? ती जेवावयास बसे तेव्हा पातेल्यात त्यातले किती उरलेले असे, याची नोंद आम्हांस कोणत्याही दप्तरात मिळालेली नाही.