आठ हायड्रोजनांची तूट

सेंद्रिय रसायनाच्या अभ्यासकाच्या हाती एखाद्या अपरिचित पदार्थाचे रेणुसूत्र आले, म्हणजे त्याच्या रचनेच्या विचारात शिरण्यापूर्वी तो आधी हायड्रोजनची मोजदाद करतो. कार्बनच्या अणूंची दुप्पट करून तीत दोन मिळविले की जी संख्या येते तितके हायड्रोजन एका सरळ, संपृक्त साखळीत मावतात. सूत्रात त्याहून जितके कमी भरतील, त्या तुटीचे निम्मे म्हणजे त्या रेणूची असंपृक्तता. ऑक्सिजन या हिशेबात धरावयाचा नाही, क्लोरीन-ब्रोमीन हायड्रोजनच्याच खाती जमा करावयाचे आणि नायट्रोजनच्या प्रत्येक अणूमागे एक हायड्रोजन अधिक मावतो असे समजावयाचे, की हिशेब पुरा झाला. परंतु तूट किती हे कळणे निराळे आणि ती कशाने पडली हे कळणे निराळे. दुहेरी बंधाने एका अंकाची तूट पडते, तिहेरी बंधाने दोन अंकांची. आणि साखळीची दोन टोके जुळून वलय झाले तरीही एका अंकाची तूट पडतेच. या संदिग्धतेतून वाट काढण्यास रसायनशास्त्राला शतकाहून अधिक काळ लागला, आणि ज्या पदार्थाने त्याची सर्वांत कठोर परीक्षा पाहिली तो बेंझीन.

लंडनमध्ये एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात जलचरांच्या तेलापासून दिव्यांचा वायू तयार करून तो सुमारे 30 वातावरणांच्या दाबाखाली पात्रांत भरून गिऱ्हाइकांना पुरविण्याचा एक धंदा चाले. दाब दिला की वायूतून पातळ द्रव खाली साचे. 1000 घनफूट वायूमागे सुमारे एक गॅलन. हा द्रव मायकेल फॅराडेने पुनःपुन्हा ऊर्ध्वपातित करून, गोठवून आणि पिळून शुद्ध केला व 16 जून 1825 रोजी रॉयल सोसायटीपुढे त्याची हकीकत मांडली. त्यात कार्बनचे दोन भाग आणि हायड्रोजनचा एक भाग आहे असा त्याचा निष्कर्ष होता. त्याच्या तोलण्यात खोट नव्हती. कार्बनचे वजन त्या काळी 12 ऐवजी 6 धरीत, म्हणून प्रमाण दुप्पट आले. आठ वर्षांनी बर्लिनच्या मित्शरलिखने हाच पदार्थ अगदी भिन्न मार्गाने मिळविला: आपल्या घरांत आणि दर्ग्यांत जो ऊद जाळतात त्यात असणारे बेंझोइक आम्ल चुन्याबरोबर तापवून. पुढे चार्ल्स मॅन्सफील्डने दगडी कोळशाच्या डांबरातून बेंझीन मुबलक काढण्याची रीत बसविली आणि रंगांच्या भावी कारखानदारीचा पाया घातला; पॅरिसच्या प्रदर्शनासाठी नमुने तयार करताना 1855 साली भट्टीवरील पात्र पेटले, ते जळते पात्र बाहेर नेताना तो होरपळला आणि पस्तिसाव्या वर्षी निवर्तला. आज ज्या सूत्राकडे आपण कागदावरच्या आकृतीप्रमाणे पाहतो, त्याच्या पाठीमागे असे प्राणही खर्ची पडले आहेत, याचे स्मरण मला आवश्यक वाटते.

अणुभारांचा हा गोंधळ निस्तरल्याखेरीज हायड्रोजनच्या हिशेबाला अर्थ नव्हता. रेणूतील हायड्रोजन, नायट्रोजन आणि हॅलोजन यांच्या अणूंची बेरीज नेहमी सम असते, हे फ्रेंच रसायनज्ञ लॉरां याने 1840 च्या दशकातच हेरले होते. पण ती सम का असावी हे सांगणारा संयुजेचा सिद्धान्त 1858 साली केकुले व कूपर यांनी स्वतंत्रपणे मांडला, आणि 1860 च्या कार्ल्सरूह येथील परिषदेत कॅनिझारोने एकच अणुभारपद्धती स्वीकारण्याचा आग्रह धरल्यावर सूत्रे हळूहळू एकरूप झाली. सहा कार्बन, सहा हायड्रोजन: हवे होते 14, आहेत 6, तूट 8, असंपृक्तता 4.

इतकी मोठी तूट असलेला रेणू अधाशी असावयास हवा. जवसाचे तेल ब्रोमीनच्या तांबड्या द्रावणात मिसळले तर रंग पाहता पाहता उतरतो, कारण तेलातील दुहेरी बंध ब्रोमीनला सामावून घेतात. सहाच कार्बन आणि सहाच हायड्रोजन, परंतु दोन तिहेरी बंधांची सरळ साखळी, असाही एक पदार्थ रसायनज्ञांनी बनविला, आणि तो ब्रोमीनवर तुटून पडतो. बेंझीन मात्र स्वस्थ राहते. लोखंडाच्या सान्निध्यात ते ब्रोमीन स्वीकारते खरे, पण एक हायड्रोजन सोडून देऊन. म्हणजे तूट होती तशीच राहते.

1865 साली गेंट येथे अध्यापक असलेल्या केकुलेने यावर तोडगा सुचविला: सहा कार्बनांचे वलय, त्यात एकाआड एक तीन दुहेरी बंध. एक वलय आणि तीन बंध, मिळून चार. स्वतःची शेपटी तोंडात धरलेल्या सर्पाच्या स्वप्नाची कथा त्याने पंचवीस वर्षांनंतर बर्लिनच्या सत्कारसभेत सांगितली आणि लोकांनी तीच ध्यानात ठेवली. मला स्वतःला या प्रकरणातील खरी थोरवी स्वप्नात नसून त्यानंतरच्या चिकाटीच्या पडताळणीत दिसते. कारण चार हा आकडा इतर मार्गांनीही जुळत होता. एडिंबरोच्या जेम्स ड्यूअरने 1867 मध्ये पितळी पट्ट्या जोडून ज्या अनेक आकृत्या तयार केल्या, त्यांतील एकीत दोन वलये आणि दोन दुहेरी बंध होते. लाडेनबुर्गने 1869 मध्ये त्रिकोणी लोलकाची आकृती पुढे आणली. तीत दुहेरी बंध एकही नाही, चारही अंक वलयांचेच.

या वादात विल्हेल्म कर्नर या केकुलेच्या शिष्याने, जो पुढे इटलीत स्थायिक झाला, 1874 साली जी युक्ती योजिली तिची शोभा अवर्णनीय आहे. बेंझीनमधील दोन हायड्रोजनांच्या जागी ब्रोमीन घातले तर तीन निरनिराळे पदार्थ मिळतात. त्यांतील ब्रोमीन लगत आहेत, एक सोडून आहेत की समोरासमोर, हे डोळ्यांनी दिसत नाही. कर्नरने प्रत्येकात तिसरा ब्रोमीन घालून किती पदार्थ निपजतात ते मोजले. समोरासमोरच्या जोडीतून एकच निपजतो, लगतच्या जोडीतून दोन, एकाआड एक असलेल्या जोडीतून तीन. अदृश्य रेणूच्या अंतरंगाविषयी केवळ मोजणीने इतके निश्चित बोलता यावे, ही बुद्धीची करामत विलक्षण आहे. तथापि लाडेनबुर्गच्या लोलकातूनही समघटकांची हीच संख्या निघत होती, त्यामुळे केवळ या मोजणीने निवाडा होईना. शिवाय केकुलेच्या आकृतीप्रमाणे लगतच्या जोडीचे दोन प्रकार व्हावयास हवे होते आणि सापडत होता एकच; म्हणून 1872 मध्ये त्याला बंध सतत जागा बदलतात असे गृहीत धरावे लागले.

तुटीची विभागणी प्रत्यक्ष करून दाखविली ती निकेल या उत्प्रेरकाने. साबात्ये व सांदरां यांनी 1901 साली बेंझीनची वाफ हायड्रोजनसह बारीक निकेलवरून नेली, आणि सहा हायड्रोजन रेणूत शिरून सायक्लोहेक्सेन तयार झाले: बारा हायड्रोजन, चौदा नव्हेत. चारांपैकी तीन अंक हायड्रोजनने भरून निघाले, चौथा तसाच राहिला, तो वलयाचा. परंतु भरून निघालेल्या तीन अंकांचे स्वरूप काय, हे त्यानेही कळले नाही. 1929 मध्ये लीड्स येथे कॅथलीन लॉन्सडेलने बेंझीनच्या एका संजाताच्या स्फटिकांवर क्ष-किरण टाकून वलय सपाट असून त्याच्या सहाही बाजू समान आहेत असे दाखविले. एकेरी बंध 1.54 अँगस्ट्रॉमचा, दुहेरी 1.34 चा, बेंझीनचा प्रत्येक बंध 1.39 चा. पुढे 1936 साली किस्तियाकोव्स्कीने हायड्रोजन शिरताना बाहेर पडणारी उष्णता मोजली. एका दुहेरी बंधाचे 28.6 किलोकॅलरी, तर तिघांचे 85.8 हवेत, बेंझीनने दिले 49.8. उरलेली 36 किलोकॅलरी ही त्याच्या स्वस्थपणाची किंमत. आकड्यात तीन दुहेरी बंध आहेत, रेणूत मात्र ते कोठेही वेगळे उभे नाहीत, सहाही कार्बनांत वाटले गेले आहेत.

एवढ्यावरून ड्यूअरच्या पट्ट्यांची आणि लाडेनबुर्गच्या लोलकाची आकृती निकालात निघाली असे वाटणे स्वाभाविक होते. पण त्या आकृत्या बेंझीनच्या म्हणून चुकल्या होत्या, रेणू म्हणून नव्हेत. ड्यूअरच्या आकृतीचा पदार्थ 1963 साली प्रत्यक्ष बनविण्यात आला, आणि लाडेनबुर्गच्या मृत्यूनंतर बासष्ट वर्षांनी, 1973 मध्ये, कोलंबिया विद्यापीठात कॅट्झ व अ‍ॅक्टन यांनी लोलकही बनविला. तोही सहा कार्बन व सहा हायड्रोजनांचा. 90 अंश सेल्सियसला टोल्यूईनच्या द्रावणात ठेवला असता अकरा तासांत त्यातील निम्मा बेंझीन होऊन जातो.